साहित्य कट्ट्यावर पहिल्यांदा जाताना

घरच्यांना कविता वाचून दाखवली की ती छानच असते. मित्रांच्या ग्रुपवर टाकली की अंगठे येतात, एखादी फुलांची परडी येते. पण "तिसरं कडवं कशाला लिहिलंस?" असं तोंडावर विचारणारं कोणी भेटत नाही. असं विचारणारी माणसं हवी असतील तर आपल्या गावातला साहित्य कट्टा, म्हणजे लिहिणाऱ्यांची एकमेकांचं ऐकायची बैठक, गाठावा. लिहायला नुकती सुरुवात केलेल्या, आणि चारचौघांत वाचायचं म्हटलं की पोटात गोळा येणाऱ्या मंडळींसाठी हा लेख आहे. वयाची अट नाही. निवृत्तीनंतर लिहू लागलेले आणि बारावीची परीक्षा संपल्यावर लिहू लागलेले एकाच सतरंजीवर बसलेले दिसतात.

आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे. 1878 साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात ग्रंथकारांची सभा भरली, तिथून आजच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा धागा सुरू होतो. पण कट्ट्याचा खरा पूर्वज शोधायचा तर रविकिरण मंडळ. 1923 च्या सुमारास पुण्यात माधव जूलियन, यशवंत, गिरीश, मनोरमाबाई रानडे वगैरे कवी चहाला जमायचे, एकमेकांना कविता ऐकवायचे आणि त्यावर बोलायचे. व्यासपीठ, हारतुरे, दीपप्रज्वलन यातलं काही नसलं तरी चालतं, एवढं त्यातून घ्यायचं.

कट्टा सापडतो कुठे

पहिला थांबा गावातलं सार्वजनिक वाचनालय. महाराष्ट्रात ही वाचनालयं शाळांइतकीच मुरलेली आहेत. रत्नागिरीचं 1828 चं, नाशिकचं 1840 चं, कल्याणचं 1864 चं. तालुक्याच्या गावीसुद्धा 'ब' किंवा 'क' वर्गाचं अनुदानित वाचनालय बहुधा असतंच. तिथल्या ग्रंथपालाला विचारा: "इथे लिहिणारी मंडळी कधी जमतात?" ग्रंथपालाला गावातला प्रत्येक कवी ठाऊक असतो, कारण प्रत्येकाने आपला संग्रह भेट म्हणून त्याच्या टेबलावर ठेवलेला असतो.

दुसरा रस्ता साहित्य संस्थांच्या शाखांचा. पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद 1906 ची. तिला सगळे 'मसाप' म्हणतात आणि पुण्याबाहेर तिच्या पुष्कळ शाखा आहेत. विदर्भात असाल तर विदर्भ साहित्य संघ, मराठवाड्यात मराठवाडा साहित्य परिषद, कोकणात 'कोमसाप' म्हणजे कोकण मराठी साहित्य परिषद, मुंबईत गिरगावातला मुंबई मराठी साहित्य संघ. महाराष्ट्राबाहेर असाल तरी हिरमुसायचं कारण नाही. हैदराबाद, बडोदे, इंदूर इथे मराठी साहित्यसंस्थांची मुळं खोल गेलेली आहेत, आणि परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांतही गणेशोत्सवाच्या पलीकडे वाचन-लेखनाचा एखादा छोटा गट बहुतेक वेळा असतो. मंडळाच्या चिटणिसांना विचारलं की कळतं.

शाखा आणि कट्टा यांत फरक असतो, तो आधीच लक्षात घ्या. शाखेला घटना असते, सभासदत्व असतं, निवडणुका असतात आणि निवडणुका म्हटल्यावर गटही असतात. शाखा प्रामुख्याने कार्यक्रम करते: व्याख्यान, पुस्तक प्रकाशन, कविसंमेलन. कट्टा म्हणजे महिन्यातून एकदा-दोनदा जमून एकमेकांचं ऐकणारे दहा-पंधरा जण. कित्येक ठिकाणी शाखेच्या पोटातच कट्टा चालतो, कित्येक ठिकाणी शाखेवर रुसून बाहेर पडलेल्यांनी तो सुरू केलेला असतो. तुम्ही नवे आहात, तुम्हाला त्या रुसव्याशी देणंघेणं नाही. दोन्हीकडे जा.

पहिल्या खेपेला वही पिशवीतच राहू द्या

पहिल्या दोन बैठकांना नुसतं ऐकायला जावं, असं माझं मत आहे. "नवीन आलात? मग वाचा की काहीतरी!" असा आग्रह होईलच. "आज ऐकतो, पुढच्या वेळी वाचेन" म्हटलं की कोणी रागावत नाही. उलट ज्येष्ठ मंडळी खूश होतात, कारण ऐकायला माणूस मिळणं तिथेही दुर्मीळच.

ऐकताना एका गोष्टीकडे लक्ष ठेवा. कोणाचं वाचन संपल्यावर काय होतं? "वाह, क्या बात है" होऊन लगेच पुढच्याचं नाव पुकारलं जातं, की कोणी "ती दुसरी ओळ पुन्हा वाचता का?" असं म्हणतं? मागच्या महिन्यात वाचलेलं दुरुस्त करून कोणी परत आणतं का? या दोन्हींचं उत्तर 'हो' आलं तर त्या ठिकाणी टिकून राहा, मग खुर्च्या मोडक्या असोत आणि चहा पांचट असो. उत्तर 'नाही' आलं तर ते कविसंमेलन आहे. त्यातही मजा आहे, सभाधीटपणा येतो, ओळखी होतात. पण लिखाण सुधारेल अशी अपेक्षा तिथून ठेवू नका.

आणखी एक खूण. काही जण आपला नंबर लागेपर्यंत थांबतात, वाचतात आणि "जरा काम आहे" म्हणत उठून जातात. असे दोघे-तिघे सगळीकडे असतात. निम्मी सभाच तशी असेल तर शेवटच्या बिचाऱ्याचं ऐकायला निवेदकच उरतो.

हाक कशी मारायची हाही नवख्यांचा प्रश्न असतो. निवृत्त शिक्षक, प्राध्यापक मंडळींना 'सर', 'मॅडम' चालून जातं. बाकी वयाने मोठ्या बायकांना 'ताई' आणि पुरुषांना नावापुढे 'राव' किंवा 'काका'. कवितेखाली टोपणनाव असलं तरी समोरासमोर त्या नावाने हाक मारू नये, जरा नाटकी वाटतं.

वाचायचं ठरलं की

एकच कविता, किंवा एका गोष्टीतली तीन पानं. अर्थ पोचेल अशा बेताने वाचलं तर मिनिटाला साधारण शंभर-सव्वाशे शब्द होतात. म्हणजे दीड हजार शब्दांच्या कथेला बारा ते पंधरा मिनिटं लागतात, आणि दहा मिनिटांनंतर ऐकणाऱ्यांची चुळबुळ सुरू होते. कथा मोठी असेल तर सुरुवात वाचा आणि पुढची प्रत ज्यांना हवी त्यांना द्या. घरी घड्याळ लावून एकदा मोठ्याने वाचून पाहा. मोठ्याने वाचताना जिथे जीभ अडखळते तिथे वाक्यच अडलेलं असतं. निम्म्या दुरुस्त्या तिथेच होऊन जातात.

मोबाईलवरून वाचू नका. मधेच फोन येतो, स्क्रीन काळी होते, आणि दुरुस्ती लिहून घ्यायला जागा नसते. चार-पाच झेरॉक्स काढून न्या, मोठ्या अक्षरात, ओळींमध्ये अंतर ठेवून, एका बाजूला मोठा समास सोडून. एका प्रतीचे दोन-तीन रुपये जातात, पण परत आलेल्या प्रतींवर पेन्सिलीने केलेल्या खुणा मिळतात. तोंडी सांगायला संकोचणारी माणसं कागदावर बिनधास्त लिहितात.

वाचण्याआधी प्रस्तावना करू नका. "ही कविता मला कशी सुचली, तर मी खिडकीत बसले होते, बाहेर पाऊस पडत होता..." यात पाच मिनिटं जातात आणि कविता ऐकायच्या आधीच तिचा अर्थ कळून चुकतो. पुढे ती अंकात छापून आली तर वाचकाला खिडकी आणि पाऊस सांगायला तुम्ही शेजारी नसणार. शीर्षक सांगा आणि वाचायला लागा.

वाचून झाल्यावर गप्प बसायचं

सगळ्यांत अवघड पायरी हीच. समोरचा म्हणतो, "शेवट कळला नाही," आणि आपण लगेच समजावायला लागतो: "नाही, म्हणजे मला तिथे असं म्हणायचं होतं की..." चांगल्या कट्ट्यांवर नियमच असतो की चर्चा चालू असताना लेखकाने बोलायचं नाही, फक्त लिहून घ्यायचं. नियम नसला तरी तुम्ही पाळा. सगळ्यांचं झालं की मग विचारा, "कुठल्या ओळीपासून कळेनासं झालं?"

एक नमुना बघू. समजा कोणी कथेची अशी सुरुवात वाचली: "संध्याकाळची उदास किरणं एसटी स्टँडवर पसरली होती आणि सुमनच्या मनात विचारांचं काहूर माजलं होतं." ऐकणारा एक म्हणतो, छान वातावरण. दुसरी म्हणते, 'काहूर' पुस्तकी वाटतं. आणि कोपऱ्यातून एखादा, ज्याची उभी हयात वाहकाच्या नोकरीत गेली, तो विचारतो, "सुमन कुठल्या गाडीची वाट बघतेय?"

लेखकाकडे उत्तर नसतं. घरी जाऊन तो गाडी ठरवतो, आणि पुढच्या महिन्यात वाचतो: "सहा चाळीसची दापोली गेली. आता रात्री नऊपर्यंत गाडी नव्हती. तरी सुमनने चौकशीच्या खिडकीत तिसऱ्यांदा विचारलं." उदास किरणं गेली, काहूर गेलं, तरी बाईच्या मनाची घालमेल आता दिसते. शिवाय नऊपर्यंत ती काय करणार हा प्रश्न उभा राहिल्यामुळे कथाही पुढे सरकते. साहित्यातला जाणकार नसलेल्या माणसाच्या साध्या प्रश्नाने हे झालं. म्हणूनच कट्ट्यावर सगळे मराठीचे प्राध्यापक नसलेले बरे. एक शेतकरी, एक नर्स, एक वकील, एक वाहक असले की कथेतली खोटी तपशीलपेरणी लगेच पकडली जाते.

अर्थात प्रत्येक सूचना मानायची नसते. दहा जण दहा उपाय सुचवतील. उपाय सोडून द्या, जागा लक्षात ठेवा. एकाच जागी तिघे अडखळले असतील तर तिथे काहीतरी बिघडलंय हे नक्की. दुरुस्ती काय करायची ते तुमचं तुम्ही बघा. आणि त्याच रात्री दुरुस्तीला बसू नका. आठवडाभर कागद ठेवून द्या, राग निवू द्या.

दुसऱ्याच्या लिखाणावर बोलताना

"मला आवडलं" आणि "मला नाही आवडलं" या दोन्हींचा लेखकाला उपयोग शून्य. ओळ दाखवून बोला. "पहिल्या कडव्यात बोलणारी मुलगी आहे, तिसऱ्यात एकदम आई बोलायला लागते, तिथे मी गोंधळलो," असं म्हटलं की काम करता येतं.

गझल लिहिणाऱ्यांचं या बाबतीत कौतुक वाटतं. त्यांच्यात तांत्रिक शिस्त पक्की असते. सुरेश भटांनी 'गझलेची बाराखडी' लिहून नवख्यांसाठी नियम मांडून ठेवले, तेव्हापासून काफिया (यमक), रदीफ (यमकानंतर तसाच परत येणारा शब्द), अलामत (यमकातला कायम राहणारा स्वर) हे शब्द खेड्यापाड्यांतल्या बैठकींतही ऐकू येतात. मतल्यात, म्हणजे गझलेच्या पहिल्या शेरात (दोन ओळींत), 'तारे' आणि 'वारे' घेतले असतील आणि चौथ्या शेरात 'फेरे' आला, तर कोणीतरी हात वर करून म्हणतंच, "अलामत सुटली." 'तारे', 'वारे', 'किनारे' यांत शेवटच्या 'रे'च्या आधीचा 'आ' कायम राहायला हवा, 'फेरे'त तिथे 'ए' येतो. त्यात अपमान नाही, चूक दाखवली आणि विषय संपला. मुक्तछंदवाल्यांना मात्र कोणी काही म्हटलं की आपल्या भावनांवरच हल्ला झाल्यासारखं वाटतं. त्यांनी गझलवाल्यांच्या बैठकीला एकदा जाऊन बसावं.

नातं आणि लिखाण यांची गल्लत होऊ देऊ नका. कोणी वडिलांच्या निधनावर कविता वाचली तर आधी विचारा, "यावर बोललेलं चालेल ना?" कधी कधी माणसाला नुसतं ऐकवायचं असतं. अशा वेळी वृत्त तपासत बसणं क्रूरपणाचं आहे.

शुद्धलेखनावरून बैठकीत वाद घालू नका, सगळा वेळ खाऊन टाकतात. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम एकूण अठरा आहेत: 1962 चे चौदा आणि 1972 मध्ये वाढवलेले चार. एक दुपार दिली तर वाचून होतात. कोणाच्या कागदावर ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसलं तर गोल करून परत द्या. आणि बोलीतलं लिखाण प्रमाणभाषेच्या पट्टीने मोजू नका. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी लिहिणाऱ्याला 'शुद्ध करा' सांगणारे अजून भेटतात. त्यांच्याकडे नम्रपणे कानाडोळा करावा.

वर्ष कसं जातं

कट्ट्याचं वर्ष जानेवारीत गजबजून सुरू होतं. 14 ते 28 जानेवारी हा मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, त्यामुळे शाळा, बँका, सरकारी कचेऱ्या सगळ्यांना अचानक कवी हवे असतात. 27 फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, मराठी भाषा गौरव दिन. या काळात नवख्यालाही माईक मिळतो, संधी घ्या. मग मार्च-एप्रिलात परीक्षा आणि लग्नसराई, हजेरी रोडावते. काही गावांत वसंत व्याख्यानमाला असते. पुण्याची तर रानड्यांनी 1875 मध्ये सुरू केलेली.

खरी धावपळ मे अखेरपासून. दिवाळी अंकांसाठी साहित्य मागवणारी निवेदनं येऊ लागतात. मराठीत पहिला दिवाळी अंक 1909 साली 'मनोरंजन' मासिकाने काढला, तेव्हापासून हा आपला खास हंगाम आहे. अंक ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघतो म्हणून सप्टेंबरात कथा पाठवणारे पुष्कळ असतात. तोवर पानं लागलेली असतात. जून-जुलैपर्यंत पाठवायचं, म्हणजे एप्रिल-मेच्या बैठकीत वाचून दुरुस्त झालेलं हवं. फाईल युनिकोडमध्ये टाईप केलेली असावी. जुन्या फाँटमधली फाईल पलीकडे उघडली की अक्षरांचा भुगा होतो, आणि संपादक परत विचारत बसत नाही. एकच कथा एकाच वेळी चार अंकांना पाठवू नका. दोघांनी छापली तर तिसऱ्या वर्षी तुमचं पाकीट उघडलं जात नाही, आणि ही मंडळी एकमेकांच्या ओळखीची असतात.

श्रावणात पावसाच्या कवितांचा महापूर येतो, त्याला इलाज नाही. कोजागरीला कोणाच्या तरी गच्चीवर मसाला दूध आणि काव्यवाचन. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन.

सतरंजी उचलणाऱ्याला सगळे ओळखतात

कट्टा दोन-तीन माणसांच्या जिवावर चालतो. कोणीतरी किल्ली आणतं, कोणीतरी निरोप पाठवतं, कोणीतरी चहाचा थर्मास धुतं. नव्या माणसाने यातलं एक काम मागून घ्यावं. इतिवृत्ताची वही लिहायला मागा. ती कोणालाच नको असते आणि तिच्यासारखी शिकवणी नाही. कोणी काय वाचलं, कोणती सूचना आली हे चार ओळींत टिपायचं म्हणजे नीट ऐकावंच लागतं. वर्षभरात तुम्हाला सगळ्यांच्या सवयी पाठ होतात आणि सगळ्यांना तुमचं नाव.

वर्गणी किरकोळ असते, वेळेवर द्या. पाहुणा बोलावला तर त्याला निदान प्रवासखर्च द्यायला हवा, यासाठी आग्रह धरा. शाल-श्रीफळावर माणूस घरी पोचत नाही.

पैसे मागणारे येतील

तुम्ही दोन-चार ठिकाणी वाचलंत की संदेश येऊ लागतात. "आमच्या प्रातिनिधिक काव्यसंग्रहासाठी आपल्या कवितेची निवड झाली आहे. सहभाग शुल्क अमुक. सन्मानचिन्ह, प्रमाणपत्र आणि दोन प्रती." शंभर कवींनी पैसे भरले की संग्रह निघतो, आणि तो त्या शंभर कवींपलीकडे कोणी वाचत नाही. हौस म्हणून भरायचे असतील तर भरा, पण त्याला निवड म्हणू नका. पुरस्कारांचंही तसंच: प्रवेशशुल्क घेऊन प्रत्येकालाच काहीतरी पुरस्कार मिळत असेल तर तो पुरस्कार नव्हे.

पुस्तक काढायची घाईही नको. स्वखर्चाने काढलेल्या पाचशे प्रतींचे गठ्ठे पलंगाखाली किती घरांत आहेत, हे कट्ट्यावर विचारून बघा. काढायचंच ठरलं तर दोन गोष्टी माहीत असाव्यात. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख-क्रमांक, भारतात सरकारी यंत्रणेकडून विनामूल्य मिळतो, त्याचे कोणी हजार रुपये लावले तर कारण विचारा. आणि लिहिल्याक्षणी लिखाणाचा कॉपीराइट तुमचाच असतो, 1957 च्या कायद्याप्रमाणे त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. करारात 'सर्व हक्क कायमचे' असं काही असेल तर सही करण्याआधी कट्ट्यावरच्या वकिलाला दाखवा. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. तिच्या अटी आणि मुदत मंडळाच्या चालू जाहिरातीत पाहूनच हस्तलिखित पाठवा.

गावात कट्टाच नसेल तर

पाच जण पुरतात. त्यातले तिघे लिहिणारे आणि दोघे नुसते वाचणारे असले तर फारच उत्तम. जागा वाचनालयाची, शाळेची किंवा देवळाच्या सभामंडपाची. कोणाच्या घरी नको, कारण घरी जमलं की पोहे करावे लागतात, आणि चौथ्या महिन्यात ती गृहिणी कंटाळते. वार ठरवून टाका: महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी दहा. पाऊस असो, क्रिकेटचा सामना असो, वार हलवायचा नाही. दोघेच आले तरी दोघांनी वाचायचं आणि वहीत तसं लिहायचं.

एका बैठकीत तिघांपेक्षा जास्त वाचन नको. प्रत्येकी दहा मिनिटं वाचायला, पंधरा मिनिटं बोलायला, मग चहा. व्हॉट्सअप ग्रुप फक्त निरोपासाठी. सुप्रभात, राजकारण आणि कविता तिन्ही बंद. कविता ग्रुपवर पडली की बैठकीला यायचं कारणच उरत नाही.

अध्यक्ष, उपाध्यक्ष, सल्लागार मंडळ, लेटरहेड यांच्या मागे पहिल्या वर्षी लागू नका. संस्था नोंदवायची तर 1860 च्या कायद्याखाली किमान सात सभासद लागतात, मग धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षीचे हिशेब, बदल अर्ज, पदाधिकाऱ्यांच्या सह्या. हे सगळं तेव्हाच करा जेव्हा देणगी किंवा अनुदान खरोखर दारात येईल. तोवर एक वही, एक डबा आणि किल्ली कोणाकडे आहे हे माहीत असलेली दोन माणसं एवढ्यावर भागतं. दोन माणसं अशासाठी, की एक जण लग्नाला गेला तर बाकीचे कुलपाबाहेर उभे राहायला नकोत.